त्रास नाही म्हणणारी गल्ली

...तर चप्पल राहिली घाटकोपरला, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर, आणि मिथुन पोचला असल्फ्याच्या टेकडीवर आपल्या घराच्या दारात. एका पायात चप्पल, दुसरा पाय उघडा, आणि गड्याला पत्ताच नाही. काल इथवर आलो होतो आपण, तेवढ्यात चहा आला आणि गोष्ट तशीच लोंबकळत राहिली.

आता पुढचं ऐका. मेट्रोत समोरच्या बाकावरची माणसं त्याला खालून वर न्याहाळत होती, एकमेकांना कोपरानं ढोसत होती. मिथुनला वाटलं, आपल्या तोंडाकडे बघतायत. टीबीच्या गोळ्यांनी त्याचा रंग पार तांब्याच्या जुन्या भांड्यासारखा झाला होता ना, म्हणून. त्यानं मास्क डोळ्यांपर्यंत ओढला आणि खिडकीकडे तोंड केलं. पाय होता तिथंच, सगळ्यांच्या पुढ्यात. घरी आल्यावर आईनं दारातच विचारलं, "एक चप्पल कुठं ठेवून आलास रे?" तेव्हा कुठं त्यानं खाली बघितलं.

ही गोष्ट मिथुननं रविवारी सकाळी, वंदना संपल्यावर, विहाराच्या कट्ट्यावर नाटक करून सांगितली. मास्क कसा ओढला, मान कशी वळवली, सगळं. लोक हसून हसून बेजार झाले. शिवदासकाकांना तर ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. कट्ट्यावर एकच पोरगी हसली नाही. तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, "मिथुन, त्या जिन्याला दाते असतात. उघडा पाय त्यावर पडला तरी कळलं नाही तुला?"

"नाही ना यार. तीच तर गंमत आहे."

"पाय दाखव."

मिथुननं हसत हसत पाय वर केला. तळव्याला चांगली बोटभर चीर होती. रक्त सुकून काळं झालेलं. मिथुननंही ती तेव्हाच पाहिली. हसणं जिथल्या तिथं थांबलं.

ही पोरगी म्हणजे तेजल. भीमराजची मुलगी. भीमराज तुम्हाला ठाऊक नसणार, पवईतल्या कुठल्याही उंच इमारतीत विचारा, सांगतील. लिफ्टचा मेकॅनिक. एकदा हा लिफ्टमध्ये स्वतःच अडकला, बरोबर एक मोठा साहेब. साहेब दार बडवतोय, फोनवर ओरडतोय, घामानं शर्ट भिजलाय. भीमराज खाली बसला आणि डबा उघडला. म्हणाला, "साहेब, आपल्याला बाहेर काढायला लोक मलाच फोन करणार. या, दोन घास खाऊन घ्या." साहेबानं वांग्याची भाजी खाल्ली म्हणे, आणि वर मिरची मागून घेतली. ही गोष्ट भीमराज प्रत्येक लग्नात सांगतो, आणि ज्यांनी ऐकली आहे तेही पुन्हा ऐकतात.

त्याच्या लेकीची गोष्ट मात्र लग्नात सांगण्यासारखी नाही.

तेजल बारावीला असताना तिला टीबी झाला, तोही हट्टी, साध्या औषधांना न जुमानणारा. तेव्हा त्यावर इंजेक्शनं असायची. रोज सकाळी दवाखान्यात जायचं, कमरेत सुई घ्यायची आणि लंगडत कॉलेजात जायचं. मधेच कधीतरी तिच्या कानात शिट्टी वाजायला लागली. तिला वाटलं, शेजारच्यांचा कुकर. कुकर उतरला तरी शिट्टी चालूच. मग शिट्टी थांबली, आणि तिच्यासोबत डावा कानही थांबला. डॉक्टर म्हणाले, "आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "कुणी विचारलंच नाही." टीबी गेला, कान परत आला नाही. तेव्हापासून ही पोर माणसाला नेहमी आपल्या उजव्या हाताला घेऊन चालते. लोकांना वाटतं, सवय असेल.

तर ते 'कुणी विचारलंच नाही' तिच्या मनात रुतून बसलं. फार्मसी शिकली, त्यातच पुढची डिग्री घेतली, आणि मग पीएचडीला बसली ती याच विषयावर. हट्टी टीबीच्या गोळ्या घेताना माणसाच्या अंगाला काय काय होतं, ते एकेकाला विचारायचं. रोग मरतो हे सगळ्यांना माहीत आहे, माणसाचं काय होतं ते विचारणारं कुणी नको का? दिल्लीकडच्या एका संस्थेनं तिला फेलोशिप दिली. दोन वर्षं पक्की, पुढची वर्षं काम बघून. भीमराजच्या पगारात घर चालत होतं, अभ्यास चालणारा नव्हता. म्हणजे ही फेलोशिप होती तर अभ्यास होता.

विहारात तिचा सत्कार झाला. शाल, पेढे, भाषणं. तिची आई सुंदराबाई पुढच्या रांगेत बसली होती, टाळ्या वाजवता वाजवता डोळे पुसत होती, आणि दोन्ही कामं एकदम जमत नव्हती म्हणून शेजारणीला म्हणाली, "तू वाजव गं माझ्या वाटच्या."

कुठल्या पेशंटांना विचारायचं, हा प्रश्न आला तेव्हा तिच्या गाइड वसुधा मॅडम म्हणाल्या, "तुझ्याच टेकडीवरचा दवाखाना घे. परक्या माणसाला लोक काही सांगत नाहीत. तुझ्याशी खरं बोलतील." तेजललाही ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

पण इथं एक गंमत आहे, ती समजून घ्या. टेकडीवर लोक राहायला आले तेव्हापासून तिथं सर्व्हेवाले येतायत. कधी घरं मोजायला, कधी माणसं, कधी संडास. आणि प्रत्येक वेळी उत्तरावर काहीतरी ठरतं. कुणाला घर मिळतं, कुणाचं नाव कापलं जातं. मग माणसं शिकतात. सर्व्हेवाला तोंड उघडायच्या आत गल्लीत ओळखतात की कुठलं उत्तर दिलं म्हणजे कुणाचं भलं होईल. शिवदासकाका टेकडीवर आले तेव्हा त्यांना नातू झाला होता. पण घरांचा सर्व्हे आला तेव्हा त्यांनी छातीठोक सांगितलं, "माझा जन्म इथलाच. ती मोरी दिसते ना, त्या मोरीच्या जागी." सर्व्हेवाल्यानं मोरीकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि पुढच्या दाराला गेला. यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. ती शेजारधर्माची रीत आहे. आज मी तुझ्यासाठी बोललो, उद्या तू माझ्यासाठी बोल.

तेजल याच गल्लीत वाढली होती. पण आपण स्वतः सर्व्हेवाली झालो आहोत, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

ती दवाखान्यात डॉक्टरांच्या शेजारी बसायची आणि प्रत्येकाला विचारायची. मुंग्या येतात का, नजर कशी आहे, झोप लागते का, मन उदास होतं का. लोक म्हणायचे, "काही त्रास नाही." मन लावून म्हणायचे, हसून म्हणायचे. कातडी काळवंडलेली असायची, ती तिला दिसायची, तेवढं ती लिहून घ्यायची. पण सुगंधाताईंनी तेही मान्य केलं नव्हतं. सुगंधाताई कोकणातल्या. नवरा मिलमध्ये होता, मिल गेली, आता त्या घरी बसून साड्यांना फॉल लावतात. तोंड काळं कशानं झालं विचारलं तर म्हणाल्या, "भयणीकडे मढाक गेलंय ना, थयल्या उन्हान रापलंय गो बाय." मढच्या समुद्रकाठच्या उन्हात माणूस एवढं रापलं असतं, तर तिथं शूटिंगला येणारी हिरॉइन ओळखू आली नसती. तेजल हसली होती त्या वेळी. कातडी तेवढी लिहिली आणि पुढचा प्रश्न विचारला होता.

दोन वर्षं भरत आली तेव्हा समिती बसली. तेजलनं आपलं काम मांडलं. अध्यक्ष नेमके डावीकडे बसलेले. त्यांचा पहिला प्रश्न तिला ऐकूच आला नाही, दुसऱ्यांदा विचारावा लागला.

"मी म्हटलं, बाकी ठिकाणी पेशंट त्रासानं मेटाकुटीला येऊन गोळ्या सोडतात, आणि तुमच्या टेकडीवर रंग सोडला तर सगळे ठणठणीत. हे कसं?"

तेजललाही तेच कोडं होतं.

"आणि ते खरं असेल, तर मग पुढं अभ्यास कशाचा करणार? त्रासच नाही." माणूस वाईट बोलत नव्हता, सरळ बोलत होता. महिनाभरात लेखी खुलासा द्या, म्हणाला. पटला तर फेलोशिप पुढं चालू, नाहीतर इथंच बंद.

ती अशी डोकं धरून बसली होती, आणि त्याच रविवारी मिथुननं कट्ट्यावर चपलेची गोष्ट सांगितली.

कट्ट्यावरून ती त्याला थेट घरी घेऊन गेली. लोखंडी चिमट्यासारखं एक यंत्र असतं, ते वाजवून पायाला लावलं की थरथर कळली पाहिजे. दर खेपेला ती मिथुनला डोळे मिटायला सांगून ते लावायची, आणि मिथुन दर खेपेला बरोबर सांगायचा, आता लागलं, आता थांबलं. आज तिनं त्याच्या डोळ्यांवर आपली ओढणी बांधली. यंत्र वाजलं, अंगठ्याला लागलं, थांबलं.

"लाव ना," तो म्हणाला.

तेजलनं ओढणी सोडली. "आणि इतके दिवस कसं सांगत होतास?"

"डोळे किलकिले ठेवायचो गं. तुझ्या हाताकडे बघायचो."

"का पण?"

"तू पास व्हावीस म्हणून." मिथुनला प्रश्नच विचित्र वाटला. "एवढं शिकतेस, आणि आम्ही तिथं बसून रडगाणी गायची?"

"आणि तुझी रिक्षा? गॅरेजला आहे म्हणतोस ती?"

मिथुननं चीर पडलेला पाय दुसऱ्या पायामागे घेतला. "ब्रेकवर पाय आहे की नाही तेच कळत नाही. एकदा एका बाईच्या अंगावर जाता जाता राहिली. मग लावून टाकली घरामागं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी पाय तपासले आणि त्यातली एक गोळी तिथल्या तिथं बंद केली. पायात जीव परत येईल का, तर येईलही, नाहीही. मग त्यांनी तेजलकडे बघून तेच विचारलं, जे तिला बारावीत विचारलं होतं. आधी का नाही सांगितलं? फरक एवढाच, की या वेळी विचारणारं माणूस होतं. ते माणूस तीच होती.

घरी येऊन ती आईसमोर बसली. सुंदराबाई मेथी निवडत होती.

"आई, तू लोकांना काय सांगितलंस माझ्या अभ्यासाबद्दल?"

"काय सांगणार म्या? म्हटलं, पोरीची परीक्षा हाय. नीट उत्तरं द्या. हे दुखतं, ते दुखतं, असं रडत बसू नका, वंगाळ दिसतं साहेबलोकांना."

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"एकीला सांगितलं की सगळीकडं जातंय. भोंगा कशाला लावायचा?" मग मान वर करून, "का गं? कमी पडलं का काही?"

तेजलनं सुगंधाताईंचं दार वाजवलं. ताई फॉल लावत होत्या, सून शेजारी बसून सुया ओवून देत होती. ओवलेल्या सुयांची उशीवर रांग लागली होती. तेजलनं काही विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, "सुयेचा नेढा दिसना नाय गो बाय. कितके दिस झाले." आणि लगेच, "पण तू ह्या लिवू नको हां. तुका नापास करतीत."

एवढं होऊनसुद्धा तेजलच्या मनात त्या दिवशी जरा उजेड पडला. खुलासा सापडला होता. लोकांनी मायेपोटी लपवलं, एवढं लिहायचं, सगळ्यांना नव्यानं विचारायचं आणि समितीपुढं ठेवायचं. घरी येऊन तिनं आईला समजावून सांगितलं. अगदी सोपं करून सांगितलं, तिथंच चुकलं.

"आई, लोकांना त्रास आहे म्हणूनच मला फेलोशिप मिळते. त्रास नाही म्हटलं, तर ती बंद होईल. म्हणून खरं सांगायला सांग सगळ्यांना."

सुंदराबाईनं मेथी बाजूला ठेवली. "आधी नाही का सांगायचं, बाई?"

दुसऱ्या दिवशी भीमराजच्या दारात जत्रा. तेजल पटकन खुर्च्या मांडायला लागली, तर बसायला कुणी तयार नाही, सगळ्यांना आधी बोलायचं. पहिला आला प्रितम, ज्याचे उपचार कधीच पुरे झाले होते आणि जो रोज सकाळी टेकडी पळत चढायचा. म्हणाला, पाय बधिर आहेत. कधीपासून? तर म्हणे, चप्पल गळून पडली तेव्हापासून. त्याच्यामागून आलेल्या बाईचीही चप्पल पडली होती. तिच्या मागच्याचीही. एकाच्या तर दोन्ही पडल्या होत्या, बसमध्ये. त्या दिवशी असल्फ्याच्या टेकडीवर जेवढ्या चपला हरवल्या, तेवढ्या कुठल्या लग्नातसुद्धा हरवत नाहीत. मग शिवदासकाका आले. त्यांना टीबी कधी झालाच नव्हता.

"काका, तुमचं काय?"

"माझा गुडघा लिहून घे. तुझ्या कामाला येईल."

"काका, तुम्हाला गोळ्याच नाहीत."

"चालू करतो की, तू म्हणशील तर."

तेजल हसली. खरंच हसली, आणि हसता हसता भिंतीला टेकली. रांगेत सगळ्यात मागं मिथुन उभा होता, त्याच दिवशी घेतलेली नवी चप्पल दोरीनं पायाला बांधून. त्याच्या पुढं उभ्या असलेल्या प्रत्येकानं त्याचीच गोष्ट सांगितली होती. त्याचा नंबर आला तेव्हा त्याच्यापाशी सांगायला काही वेगळं उरलंच नव्हतं.

वसुधा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. त्याही आधी हसल्या, मग चष्मा काढून ठेवला. "यातलं खरं कुठलं?"

"मिथुनचं. सुगंधाताईंचं. आणखी काही जणांचं असेल."

"हे तुला माहीत आहे. समितीला कसं दाखवशील?"

"सगळ्यांच्या नसांची मशीनवर तपासणी केली तर दिसेल. डोळ्यांची पण. मशीन खोटं बोलणार नाही."

"त्याला पैसे लागतात."

"हो."

"आणि पैशासाठी खुलासा लागतो."

"हो, मॅडम."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "दुसरी वाट आहे. पहिली उत्तरं आहेत ती तशीच ठेव. औषध लोकांना चांगलं सोसतं, असं लिही. फेलोशिप जाईल, पण उरलेलं काम कसंतरी उरकून पीएचडी होऊन जाईल. खोटं तू लिहिलेलं नाहीस, त्यांनी सांगितलं ते लिहिलंस."

"मॅडम, ते छापून येईल. मग कुठलातरी डॉक्टर वाचेल, आणि पायाचं विचारायचंच सोडून देईल."

मॅडमनाही ते माहीत होतं.

तेजलनं होतं ते सगळं लिहून पाठवलं. लोकांनी आधी काय सांगितलं, का सांगितलं, नंतर काय सांगितलं, का सांगितलं. शिवदासकाकांचा गुडघासुद्धा. समितीचं उत्तर थोडक्यात आलं. ज्या लोकांनी एकदा तुमच्या भल्यासाठी त्रास लपवला, त्यांनी दुसऱ्यांदा तुमच्याच भल्यासाठी तो सांगितला नसेल कशावरून? दोन्ही खेपेची माहिती धरता येत नाही. फेलोशिप पुढं चालू ठेवता येत नाही. त्यात रागावण्यासारखं काही नव्हतं. समितीच्या जागी तेजल असती तर तिनंही तेच लिहिलं असतं, आणि हेच तिला जास्त लागलं.

सुंदराबाई अजून म्हणते, "दोन्ही येळेला सांगितलं तसं केलं लोकांनी. तरी कसं नापास झाली पोरगी?" तिला समजावायचा नाद तेजलनं सोडलाय.

आता ती पवईला एका ऑफिसात जाते. काम चांगलं आहे, थंडगार हवेतलं. परदेशातली माणसं औषध कंपन्यांना कळवतात की अमुक गोळीनं मला असं असं झालं. ते सगळं वाचून कॉम्प्युटरवर नीट भरायचं. कुठल्या गावची एक बाई कळवते की तिच्या कोपरावर दोन दिवस पुरळ आलं होतं. तेजल ते पुरळ मन लावून भरते, कुठल्या कोपरावर तेसुद्धा. त्या इमारतीच्या लिफ्ट बघायला कधीमधी भीमराज येतो. लेकीला लिफ्टमधून वर नेताना लोकांना सांगतो, "आमची मॅडम." तीही हसते. टेकडीचं तिथं कुणी काही कळवत नाही. दवाखान्यात आता तिची खुर्ची नाही. डॉक्टर आहेत, पण दारापुढची रांग बघता कुणाला किती विचारणार?

परवा संध्याकाळी ती असल्फ्याला मेट्रोतून उतरली, तर जिन्याखाली मिथुन उभा. रिक्षा त्यानं विकून टाकली. आता स्टेशनजवळ मोबाइलची कव्हरं विकायला बसतो, बसून करायचं काम आहे. पायाला चपलेऐवजी पट्ट्यांचे सँडल, घट्ट आवळलेले. तो सवयीनं तिच्या उजव्या हाताला आला आणि दोघं टेकडी चढायला लागली. वाटेत शिवदासकाका भेटले. त्यांनी मिथुनच्या पायाकडे बघून डोळा मारला, "काय रे, चप्पल आहे ना दोन्ही?" टेकडीवर अजून ती थट्टा चालते. मिथुनही हसला.

काका मागं पडल्यावर मात्र तो थांबला. म्हणाला, "तेजल, या सगळ्यांच्या चपला खोट्या होत्या. माझी खरी होती. निदान तुला तरी माहीत आहे ना?"

तेजल म्हणाली, "मला माहीत आहे रे. पण मला माहीत असून आता कुणाला उपयोग नाही. तू आपला खाली बघून चाल."